परसातल्या हायड्रेंजिया: बोअर विरुद्ध नळ, पुणे

११ फेब्रुवारी २०२३

नर्सरीतून दोन हायड्रेंजिया आणल्या. दोन्ही गुलाबी, एकाच ट्रेमधल्या, उंचीला जवळपास सारख्या, मुद्दाम जुळ्या बघून उचलल्या. फुलं आहेत दोन्हीवर पण त्याचं कौतुक नाही, फेब्रुवारीत अशी भरगच्च फुललेली झाडं पॉलिहाऊसमध्ये हिशोबाने थंडी-ऊब देऊन तयार केलेली असतात. नर्सरीवाला स्वतःच म्हणाला, "ताई, सीझनल समजा, फुलं गेली की टाकून द्या." पुण्यात बहुतेकांकडे तेच होतं.

मामीकडे पाचगणीला मात्र वीसेक वर्षांची झुडपं आहेत, कुणी लाड करत नाही त्यांचे, आणि दर उन्हाळ्यात निळीशार. तिच्याकडून आत्तापर्यंत नातेवाईकांनी किती रोपं पुण्याला नेली असतील, सगळ्यांची गत एकच, आधी फुलं गुलाबी होतात मग पानं पिवळी पडतात मग एका मे महिन्यात झाड जातं. सगळे म्हणतात हवा मानवत नाही. हवेचा वाटा आहेच, पण मला दाट संशय पाण्याचा आहे. आमच्याकडे नळाला धरणाचं पाणी आणि बागेच्या पाईपला बोअरचं. म्हणून एक कुंडी फक्त बोअरच्या पाण्यावर, दुसरी फक्त नळाच्या आणि पुढे पावसाच्या. बाकी माती, जागा, खत सगळं सेम. नावं ठेवली बोअरवाली आणि नळवाली.

१९ फेब्रुवारी २०२३

जागा ठरली. घर आणि कंपाउंडच्या मधली पूर्वेकडची पट्टी, सकाळी सात ते साडेदहा ऊन आणि मग भिंतीची सावली. ह्याला सकाळचं ऊन लागतं, दुपारचं सोसत नाही, त्यामुळे गच्ची बादच.

आज माती. लाल माती एक घमेलं, कोकोपीट दोन (तीनदा धुऊन, त्यात खार असतो), कुजलेला पालापाचोळा एक, भाताचं तूस अर्धं, शेणखत दोन मुठी, बस. बोनमील नाही, राख नाही, चुना तर नाहीच. बाबा हौसेने चुलीची राख घेऊन आले होते ती टोमॅटोकडे वळवली. चौदा इंची कुंड्या, बुडाला भोकं मोठी करून घेतली.

मातीचा पीएच घरीच बघितला (सातच्या खाली आम्ल, सातच्या वर आम्लारी). वीस ग्रॅम सुकी माती, पन्नास मिली डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं चालतं), अर्धा तास अधूनमधून ढवळायचं, गाळ बसला की वरच्या पाण्यात मीटर. मिक्सचा ६.२ आला. गंमत म्हणून बागेतली काळी माती तपासली तर ८.१. त्या काळ्या मातीत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे असतात ना, एक खडा बशीत ठेवून वर व्हिनेगरचे चार थेंब टाकले तर खड्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग लागली आणि तो ऐकू येईल असा चुरचुरायला लागला. चुनखडी. ह्या मातीत हायड्रेंजिया थेट लावायचा विचारही करू नका.

५ मार्च २०२३

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) फिरवला. नळाचं पाणी ८० च्या आत, बोअरचं ६४० च्या आसपास. टीडीएस म्हणजे चुना नव्हे हे मान्य, पण आमच्या बोअरच्या बादलीला आतून पांढरी कड धरते, गिझरच्या कॉइलवर पापुद्रा बसतो, त्यामुळे त्यातलं बरंचसं काय आहे ते उघड आहे. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. हे बायकार्बोनेटच खरं उपद्रवी, रोज थोडं थोडं मातीतलं आम्ल खात बसतं. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं मिक्स केलंत तरी वरून दिवसाला दोन लिटर चुन्याचं पाणी ओतलं की वर्षभरात ती माती पाण्यासारखीच होणार.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घाला असं सगळे सांगतात. ह्या झाडाला नको. त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात.

फुलं हिरवट होऊन सुकायला लागलीत. गुच्छ कापले, गुच्छाखालची पहिली जाड डोळ्यांची जोडी जिथे आहे त्याच्या जरासं वर. त्याखाली नाही.

१६ एप्रिल २०२३

ऊन चाळिशीला टेकलंय. दुपारी दोन वाजता दोन्ही कुंड्यांची पानं पार लोंबतात, बघवत नाही. पण कुंडीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल असते. पानं एवढी मोठी की मुळं पाणी पुरवतात त्याहून जास्त वेगाने ती वाफ सोडतात, आणि संध्याकाळी सातला आपोआप ताठ. सकाळी उठल्यावरही मान खाली असेल तर खरं पाणी कमी पडलंय असं समजायचं. घरी येणारा प्रत्येक जण दुपारी ते बघून तांब्याभर पाणी ओतायला जातो, शेवटी कुंडीला चिठ्ठी लावली. जास्त पाण्याने मुळं कुजतात आणि मग खरोखरच झाड लोंबतं, आणि लोक आणखी पाणी घालतात.

पन्नास टक्केवाली हिरवी शेडनेट पश्चिमेच्या बाजूने उभी बांधली, भिंत तापून परावर्तित होणारी धग अडते. वर कोकोपीट नाही तर वाळकी पानं दोन इंच पसरली. पानांच्या पाठीमागे लाल कोळी दिसला, बारीक जाळी आणि पानावर फिकट टिपके, पाईपच्या जोरदार धारेने पाठीमागून धुतला दोन-तीनदा, आटोक्यात आहे. गंधक फवारू नका ह्या दिवसांत, पानं भाजतात.

१४ मे २०२३

फरक दिसायला लागला! बोअरवालीची शेंड्याची पानं लिंबाच्या रंगाची झाली आहेत, शिरा मात्र गडद हिरव्या, अगदी नकाशात नद्या काढल्यासारख्या. जुनी खालची पानं ठीक. नवीन पानं आधी पिवळी म्हणजे लोह कमी पडतंय (नायट्रोजन कमी असता तर खालची जुनी पानं आधी पिवळी झाली असती, हे लक्षात ठेवलं की निम्मी खतं वाचतात). मातीत लोह नाही असं नाही, लाल मातीचा लाल रंगच लोहाचा आहे, पण पीएच चढला की ते मुळांना घेता येत नाही. पीएच बघितला, बोअरवाली ७.३, नळवाली ६.४. फेब्रुवारीत दोन्ही एकाच घमेल्यातल्या होत्या.

हिराकस (लोहाचं सल्फेट) टाका असं माळीदादा म्हणाले. टाकता येईल, पण अशा पाण्यात ते मातीत पडल्या पडल्या गंजासारखं बसून जातं. कृषी दुकानात चिलेटेड आयर्न (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) मागितलं की बहुतेक वेळा ईडीटीएवालं देतात, ते साडेसहा पीएचच्या वर फारसं टिकत नाही. ईडीडीएचए लिहिलेलं, तपकिरी-लाल दाणेवालं मागायचं, महाग असतं पण चुनखडीच्या जमिनीतही चालतं. मी दोन्हीपैकी काहीच टाकत नाहीये, तुलना बिघडेल. झाड मरायला टेकलं तरच.

नळाला पाणी नसतं त्या दिवशी नळवालीसाठी एसीच्या पाईपखाली ठेवलेली बादली. एसीचं पाणी जवळपास डिस्टिल्डच. फक्त पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ते पडतच नाही फारसं, आता हवेत दमटपणा आला तर रात्रीत अर्धी बादली भरते. आणि अगदीच नाईलाज झाला तर बोअरच्या दहा लिटरच्या बादलीत अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. बारीक बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवायचं, पीएचच्या कागदी पट्टीवर सहाच्या आसपास आलं की घालायचं. तात्पुरता उपाय आहे, रोजचा नाही.

२६ जून २०२३

आला एकदाचा पाऊस! यंदा फारच वाट बघायला लावली.

पन्हळीखाली दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम लावले. हिशोब सोपा आहे, वीस चौरस मीटर पत्रा गुणिले दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे दोनशे लिटर. म्हणजे एका बऱ्या सरीत एक ड्रम. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून दिलं, पत्र्यावरची धूळ आणि कबुतरांचं सगळं त्यात येतं. तोंडाला दुहेरी मच्छरदाणी ताणून बांधली, डेंग्यूच्या दिवसांत उघडा ड्रम ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण.

पण उन्हाळ्याचा हिशोब बसत नाही. उन्हाळ्यात एक चौदा इंची कुंडी दिवसाला दोन-अडीच लिटर पिते, चार कुंड्या म्हटलं तर दहा लिटर, म्हणजे एक ड्रम वीस दिवस. ऑक्टोबरात भरलेलं साठवून मेपर्यंत पुरवायचं तर टाकीच बांधावी लागेल. म्हणून पावसाळ्यात पाऊस, हिवाळ्यात ड्रम, उन्हाळ्यात नळ.

९ जुलै २०२३

पाचगणी. धुकं, पाऊस, मामीच्या हातची भजी आणि छत्री धरून फाटे कापणं.

तिच्या झुडपांखालची माती खुरप्याने उकरली. विटेच्या रंगाची, ओली असूनही चिकट नाही, हातातून निसटते. खाली जांभा. पुण्याचा काळा दगड आणि हा जांभा मुळात एकाच घराण्यातले, दोन्ही त्याच लाव्हाचे, पण इथे वरच्या पठारावर लाखो वर्षं पावसाने चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं आणि मागे राहिलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. शेजारी महाबळेश्वरला आजही वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पडतो, पुण्याला सातशेच्या आगेमागे. आमच्याकडे मातीतला चुना धुऊन जायला तेवढा पाऊसच नाही.

आणि निळ्या रंगाला नेमकं ॲल्युमिनियमच लागतं. फुलातलं रंगद्रव्य गुलाबी झाडात आणि निळ्या झाडात एकच असतं. पाकळ्यांत (खरं तर ती निदलं, खरी फुलं मधले ते चिमुकले मणी) ॲल्युमिनियम पोचलं तर ते रंगद्रव्याला धरून निळं करतं, नाही पोचलं तर गुलाबी. माती आम्ल असली, साडेपाचच्या आत वगैरे, तर ॲल्युमिनियम पाण्यात विरघळतं आणि मुळं ते घेतात. साडेसहाच्या वर गेलं की ते मातीतच अडकून बसतं. पांढऱ्या जातींत हा रंगच नसतो त्यामुळे त्यांना काहीही घाला, त्या पांढऱ्याच. मूळचं झाड जपानचं, तिकडेही हे त्यांच्या पावसाळ्याचं फूल, जूनमध्ये कामाकुराच्या देवळांत ही निळी झुडपं बघायला रांगा लागतात.

फाटे असे घेतले: ह्या वर्षीची, फूल न आलेली फांदी, वितीपेक्षा कमी, दोन-तीन पेरांची. खालच्या पेराच्या लगेच खाली काप. खालची पानं काढली, वरची दोन पानं कात्रीने आडवी अर्धी केली म्हणजे पाणी कमी उडतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात. घरी येऊन रूटिंग पावडर लावून कोकोपीट आणि वाळू निम्मं निम्मं, वरून कापलेली पाण्याची बाटली उपडी.

मामीला सांगितलं तुझ्या मातीत ॲल्युमिनियम आहे म्हणून फुलं निळी. ती म्हणाली, "मग भांडी काय वेगळी घासू का आता?"

६ ऑगस्ट २०२३

फाट्यांना मुळं. हलकेच ओढलं की प्रतिकार जाणवतो. दोन दगावले, बुरशी, बाकीचे चांगले, त्यातले तीन ठेवणार.

पावसाने बोअरवालीलाही धुतलं, शेंडे जरा हिरवे झालेत. तुलना म्हणून तिला पत्र्याखाली सरकवायला हवं होतं पण असो, पुण्यातल्या खऱ्या बागेत पाऊस सगळ्यांवरच पडतो. पानांवर जांभळ्या कडेचे तपकिरी ठिपके आलेत, खालच्या पानांवर, ती पानं खुडून कचऱ्यात (कंपोस्टमध्ये नाही), कुंड्यांमध्ये अंतर वाढवलं, पाणी पानांवर न टाकता बुडाशी. औषध नाही मारलं. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी गोळा करणं हा नवीन छंद.

शेजारच्यांचा कुत्रा पट्टीत येऊन पानं हुंगतो, त्यांना सांगून ठेवलं की हे खाल्लं तर बाधतं. बकरी, कुत्रा, लहान मूल, कुणालाच चावायला देऊ नये.

८ ऑक्टोबर २०२३

आज मोठा प्रसंग टळला. माळीदादा गुलाबाच्या छाटणीला आले, ऑक्टोबर छाटणी, आणि त्याच हाताने सिकेटर घेऊन हायड्रेंजियाकडे वळले. "साफ करून टाकतो ताई, फुटवा चांगला येईल." फुटवा येईल हो, फुलं नाही येणार. गुलाब नव्या फुटीवर फुलतो, ही जात जुन्या काडीवर. आत्ता ह्या काड्यांच्या टोकाला जे डोळे तयार होतायत तीच एप्रिलची फुलं. पुण्यात "पानंच पानं, फूल एक नाही" अशी तक्रार ज्यांची असते त्यांना मी आधी विचारते छाटणी कधी केलीत. दिवाळीच्या साफसफाईत बऱ्याच बागांचं पुढचं वर्ष कापलं जातं. फक्त मेलेल्या, आतून तपकिरी काड्या काढू दिल्या.

खत: १९:१९:१९ बंद. मधला आकडा फॉस्फरस, तो ॲल्युमिनियमला धरून बसतो आणि निळा रंग जातो. त्याऐवजी १३:०:४५, लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्याने. द्राक्षवाल्यांकडे सहज मिळतं. तिन्ही फाटे दहा इंची कुंडीत गेले, पावसाचं पाणी.

२४ डिसेंबर २०२३

थंडी पडलीय, पहाटे दहा-अकरापर्यंत उतरतंय. खत बंद, पाणी कमी. पानं लालसर होऊन गळतायत, घाबरायचं काही नाही. ह्या झाडाला डोळ्यात फूल धरायला आणि नंतर ते उघडायला काही आठवडे गारवा हवाच, पुण्याचा डिसेंबर-जानेवारी जेमतेम पुरतो. मुंबई-कोकणातल्या लोकांना म्हणूनच फारसं यश येत नाही, तिथे पाणी-माती सुधारून उपयोग नाही.

एका दुबळ्या काडीचा टोकाचा डोळा बळी दिला. जाड, टोकदार, वर तपकिरी खवले. ब्लेडने उभा चिरला आणि भिंगाखाली धरला: आत दुमडलेली पोपटी पानं एकात एक, आणि अगदी मध्यात मोहरीपेक्षा लहान, दाणेदार फिकट हिरवा गोळा. गुच्छ आधीच तयार आहे. बाजूचा बारीक डोळा चिरला, त्यात नुसती पानं.

४ फेब्रुवारी २०२४

डोळे फुगले. आता तुरटी सुरू. नळवाली आणि फाट्यांपैकी दोन. तिसरा फाटा तुरटीशिवाय, फक्त पाऊस-नळ. बोअरवालीला काही नाही.

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट, दाढीवाला खडा तोच. बाहेर लोक ॲल्युमिनियम सल्फेट वापरतात, त्यात ॲल्युमिनियम थोडं जास्त, पण किराणा दुकानातली तुरटी सोपी. कुटून चार लिटरला तीन चहाचे चमचे, पूर्ण विरघळवून, आधी साधं पाणी घालून माती ओली केल्यावरच, दोन आठवड्यांतून एकदा. कोरड्या मातीत घातली की मुळं भाजतात आणि अती झालं तर ॲल्युमिनियम मुळांना विषच आहे, त्यामुळे "अजून निळं हवं" म्हणून चमचे वाढवायचे नाहीत.

गंजके खिळे पुरा हा सल्ला मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिलाय. लोखंडाने निळं होत नाही. चहाचा चोथाही घाला हवा तर, कंपोस्ट म्हणून.

२४ मार्च २०२४

गुच्छ उघडतायत. सुरुवातीला सगळेच पोपटी-पांढरे, रंग कळत नाही. मग निदलांच्या कडेने रंग भरायला लागतो आणि आत सरकतो. नळवालीच्या कडा जांभळट. बोअरवालीवर एकच कळा धरलाय.

शेडनेट परत बांधली.

२१ एप्रिल २०२४

निकाल.

फाटे, तुरटीवाले दोन: निळे. मामीइतके गडद नाहीत, शाळेच्या शर्टाचा असतो तसला फिका निळा, पण कुणीही निळाच म्हणेल. एकेकच गुच्छ, वाटीएवढा. पीएच ५.४.

फाटा तिसरा, बिनतुरटीचा: लव्हेंडर, एकाच गुच्छात काही निदलं निळसर काही गुलाबी. पीएच ५.९. हाच मला सगळ्यात देखणा वाटतो खरं तर. लाल मातीतलं स्वतःचं ॲल्युमिनियम थोडंफार मिळतंय असं दिसतं.

नळवाली: पाच गुच्छ, जांभळे, जुन्या काड्यांवरचे गुलाबीकडे आणि खालून आलेल्या काडीवरचा बराच निळा. नर्सरीत हिला गुलाबी ठेवण्यासाठी जे खत-चुना दिलं असेल ते मुळांच्या जुन्या गोळ्यात अजून असणार. पुढच्या वर्षी आणखी बदलेल.

बोअरवाली: एक गुच्छ, फिका गुलाबी, अर्धवट उघडलेला, पानांच्या कडा करपलेल्या. पीएच ७.७. ह्याच पट्टीत, ह्याच उन्हात, ह्याच हवेत.

एक गुच्छ कापून आत आणला, सकाळी सहाला, देठाचं टोक कुटलेल्या तुरटीत बुडवून मग फुलदाणीत. नाहीतर दुपारपर्यंत माना टाकतात. उरलेली तुरटी बाबांनी दाढीला नेली.

२ जून २०२४

फुलं उतरली, म्हणजे छाटणी आत्ताच, जून संपायच्या आत. नळवालीच्या फुललेल्या काड्या जाड डोळ्यांच्या जोडीपर्यंत, दोन म्हाताऱ्या काड्या बुडापासून काढल्या. फाट्यांना हात नाही लावला, गुच्छ तेवढे खुडले.

बोअरवालीवरचा प्रयोग थांबवला. कुंडीतून काढली तर मातीच्या वरच्या थरावर आणि कुंडीच्या आतून पांढरा पापुद्रा, नखाने खरवडला तर पावडर निघाली, व्हिनेगरला फसफसली. मुळांच्या बाहेरची माती झटकून नव्या मिक्समध्ये लावली, ह्या वेळी ईडीडीएचए दिलं, आता तिलाही ड्रमचंच पाणी.

काकूंना फाटे हवेत, त्यांच्याकडे चोवीस तास बोअर. जुलैत देईन म्हटलं, पण आधी पन्हळीखाली ड्रम लावा. त्या म्हणाल्या एवढं कोण करणार, त्यापेक्षा गुलाबीच चालेल. गुलाबीसाठीही ते पाणी जास्तच खारं आहे, हे सांगितलंय, आणि त्यांना प्लंबरचा नंबर दिलाय.